छत्रीला कड लागते

अंगणवाडीत तपासणीची गाडी आली त्या दिवशी मी जिंतूरच्या दुकानात ठिबकच्या नळ्यांची बंडलं उतरवून घेत होतो. बायकोचा फोन आला, "अहो, डॉक्टरीणबाईंनी चिमीच्या छातीला नळी लावली ती काढायलाच तयार नाहीत." राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक होतं ते. चिठ्ठी मिळाली, संभाजीनगरला टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला 18 मिलिमीटरचं भोक. पोरगी साडेचार वर्षांची, वजन 13 किलो. आम्ही आपलं 'काटक आहे' म्हणत होतो.

ठिबक विकत असल्यानं दाबाचं गणित मला कळतं. डाव्या बाजूला दाब जास्त, म्हणून शुद्ध रक्त भोकातून उजवीकडं घुसतं आणि पुन्हा फुफ्फुसांकडंच जातं. बांध फुटून खालच्या वावरात पाणी तुंबावं, तशी उजवी बाजू हळूहळू फुगते. लेकरू मात्र खेळत असतं. आमची आई शेवटपर्यंत विचारायची, "पळतंय, खातंय, मग कापायचं कशापायी?" शेजारच्या पोराचं भोक आपोआप बुजलं होतं, त्याचाही दाखला द्यायची. पण ते खालच्या कप्प्यांमधलं, बारीक. तसली बरीचशी बुजतात. वरचं, एवढं मोठं, सहसा बुजत नाही.

मी छत्रीवर अडून बसलो होतो. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची आणि निकेल-टायटॅनियमच्या जाळीची छत्री भोकात उघडायची, एक चकती पडद्याच्या इकडं, एक तिकडं. छाती कापायची नाही, दोन-तीन दिवसांत घरी. पुढं सहा महिने ॲस्पिरिन, तोवर जाळीवर आतलं अस्तर चढतं. कुणाला नको वाटेल?

देवगिरी एक्सप्रेसनं रातोरात मुंबई गाठली. तिथं भूल देऊन घशातून इको झाली. डॉक्टरांनी कागदावर गोल काढला, त्याला कड काढली आणि खालच्या बाजूची कड रबरानं पुसून टाकली. "छत्रीला धरायला इथं काहीच नाही. बसवली तर निसटेल." मी गप्प. पाइपाच्या भोकाची कड फाटली की त्यात बसवायचं रबरी कडं, ग्रोमेट, टिकत नाही, हे मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो.

मग ऑपरेशनच. छाती मधोमध उघडून, हृदयाचं काम तेवढा वेळ मशीनवर सोपवून, तिच्याच हृदयावरच्या आवरणाचं ठिगळ शिवलं. जनआरोग्य योजनेत झालं. रेशनकार्डावर तिचं नाव घालायचं मीच विसरलो होतो, त्याच्या खेपा पुन्हा कधीतरी लिहीन.

घरी सोडताना नर्सबाईंनी एकच गोष्ट तीनदा बजावली. सहा-आठ आठवडे काखेत हात घालून उचलायचं नाही, छातीचं हाड सांधतंय. एक हात मानेमागं, एक ढुंगणाखाली. आईला सवय काखेत धरून वर उचलायची. तिनं पहिले आठ दिवस चिमीला हातच लावला नाही. सतरंजीवर पाय पसरून बसायची, आणि चिमीच सरकत सरकत तिच्या मांडीवर यायची.