मेंदूच्या भागांना नावे देताना

शरीररचनाशास्त्र शिकवताना माझा बराच वेळ मेंदूतील नावांवर जातो आणि तो सत्कारणी लागतो, असे मला वाटते. एखाद्या भागाच्या नावाने किती सांगावे, हा येथे कळीचा प्रश्न आहे. नावाने त्या भागाचे रूप किंवा ठिकाण सांगावे. त्याचे कार्य सांगण्याची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे.

जुन्या शरीरशास्त्रज्ञांजवळ डोळे आणि सुरी एवढीच साधने होती, त्यामुळे त्यांनी दिसले तसे नाव दिले. इटलीतील बोलोन्याच्या आरांझीने एका वळणदार उंचवट्याला समुद्रघोड्याची उपमा दिली. ती १५८७ साली प्रसिद्ध झाली आणि त्यावरून हिप्पोकॅम्पस हे नाव रूढ झाले. विच्छेदनगृहात टेम्पोरल लोब, म्हणजे कानाजवळचा मेंदूचा भाग, उघडून आतली व्हेंट्रिकलची पोकळी मोकळी केली, की पांढरट, गुळगुळीत असा हा उंचवटा मागे आणि आतल्या बाजूला वळत गेलेला दिसतो, आणि त्याच्या पुढच्या रुंद टोकावर जनावराच्या पंजावर असाव्यात तशा खाचा असतात. पुढे हा भाग गंधज्ञानाचा आहे असा समज पसरला, आणि त्याच्यासह आसपासच्या भागांना मिळून राइनेनसेफॅलॉन, म्हणजे नाकाचा मेंदू, असे नाव पडले. १९४७ साली नॉर्वेच्या ब्रोडालने या समजाला पुरावा नाही हे दाखवून दिले आणि १९५७ साली स्कोव्हिल व मिल्नर यांच्या शोधनिबंधाने हिप्पोकॅम्पसचा स्मृतीशी असलेला संबंध पुढे आणला. कार्यावरून दिलेले ते नाव मागे पडले. समुद्रघोड्याला मात्र धक्का लागला नाही.

व्यक्तीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागांची अडचण निराळी आहे. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातील लबोर्न या रुग्णाला ‘तां’ या उच्चाराखेरीज जवळजवळ काहीच बोलता येत नव्हते. १८६१ साली त्याच्या मृत्यूनंतर फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला, डाव्या फ्रंटल लोबमधील, म्हणजे कपाळामागच्या भागातील, इजा दाखवली आणि तो मेंदू न कापता जपून ठेवला. त्यामुळेच २००७ साली त्याची एमआरआय तपासणी प्रसिद्ध होऊ शकली. इजा पृष्ठभागापुरती नसून खूप खोलवर, मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली होती, आणि ब्रोकाने ज्या जागेवर बोट ठेवले ती जागा आज आपण बोलण्याशी जोडलेले ब्रोकाचे क्षेत्र म्हणतो त्याच्याशी तंतोतंत जुळत नव्हती. ब्रोकाच्या थोरवीला याने उणेपणा येत नाही, परंतु त्याच्या नावावरून क्षेत्राची सीमा कोठे आहे हे कळत नाही, हेही खरेच.

म्हणूनच मला जर्मन शास्त्रज्ञ ब्रॉडमनची पद्धत आदरणीय वाटते. पेशींचे थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याने १९०९ साली कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, क्षेत्रांना केवळ क्रमांक दिले. मानवी नकाशात १३ ते १६ हे क्रमांक सापडत नाहीत, त्यामुळे विद्यार्थी गोंधळतात. पण १७ क्रमांकाचे क्षेत्र दृष्टीचे असले, तरी त्या आकड्याने दृष्टीबद्दल कोणताही दावा केलेला नाही, ते ज्ञान स्वतंत्रपणे त्याला येऊन जोडले गेले.

२०१६ साली ग्लासर आणि सहकारी संशोधकांनी कॉर्टेक्सच्या नव्या नकाशात मेंदूच्या प्रत्येक अर्धगोलात १८० क्षेत्रे दाखवली, त्यांतील ९७ नवी होती. जुनी नावे शक्य तेथे राखून नव्या क्षेत्रांना त्यांनी बहुधा शेजारच्या क्षेत्रांवरून आणि दिशेवरून नावे दिली. या १८० क्षेत्रांतील ५५बी हे क्षेत्र गोष्ट ऐकताना सक्रिय होते, तरीही त्याला भाषेचे नाव दिलेले नाही. काही व्यक्तींमध्ये ते सरकलेले किंवा दुभंगलेले आढळते, तेव्हा हा संयम किती योग्य होता ते कळते.

‘ब्रोकाचे क्षेत्र’ हे नाव दवाखान्यातून जाणार नाही आणि ते घालवण्याचा आग्रहही मी धरत नाही. उत्तरपत्रिकेत मात्र त्याच्यापुढे ब्रॉडमन ४४ व ४५ असे लिहावे, एवढे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो.