सहा तारा पुरत नाहीत का?

केस उघडून गिटार बाहेर काढली की समोरचा आधी तारा मोजतो. मग पुन्हा एकदा मोजतो. आणि मग विचारतो, “आठ? सहा पुरत नाहीत का?”

विचारणाऱ्यांच्या दोन तऱ्हा असतात. काहींना फक्त चेष्टा करायची असते. त्यांना मी “बोटं रिकामी राहतात हो” असं काहीतरी सांगून मोकळी होते. दुसऱ्या तऱ्हेचे लोक मात्र हसत विचारतात, पण विचारताना त्यांची नजर नेकवरून, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यावरून, हलत नाही. त्यांचा पाय घसरायच्या बेतात आहे हे मला कळतं, कारण माझाही असाच घसरला होता. तुम्ही विचारलंत म्हणून हे सविस्तर सांगते.

सहा तारा पुरतात. हे आधीच कबूल करून टाकते. मी कितीतरी वर्षं सहाच तारांवर वाजवत होते आणि त्या सगळ्या नीट वाजवता येतात असा माझा आजही दावा नाही. तारा कमी पडल्या म्हणून कुणी सात तारांकडे वळतं यावर माझा विश्वास नाही. आधी कानावर काहीतरी पडतं.

माझ्या कानावर पडलं ते कॉर्न या मेटल बँडच्या पहिल्या, १९९४ सालच्या अल्बममधलं एक गाणं. मी ते कानाने बसवायला घेतलं होतं. चाल सापडली, ताल सापडला, पण रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, जिथे येऊन आपटायचा तो स्वर काही केल्या गिटारवर मिळेना. सर्वांत जाड तार मोकळी, म्हणजे बोट न दाबता, वाजवली तरी रेकॉर्डिंग तिच्याही खालीच. मी ट्यूनर काढून ट्यूनिंग तपासलं. बरोबर होतं. मग रेकॉर्डिंगचा वेग कमी झाला असेल अशी शंका घेतली. आपल्या वाद्यात तो स्वरच नाही, ही शक्यता सगळ्यात शेवटी सुचली. वर्षानुवर्षं राहत्या घराला एक तळघर आहे आणि जिना मात्र आपल्या बाजूने नाही, असं काहीसं वाटलं.

गंमत म्हणजे तो स्वर मी ऐकला होता एका छोट्याशा स्पीकरवर. त्या रेकॉर्डिंगमधली सर्वांत खालची मोकळी तार ए स्वराला लावलेली, म्हणजे ५५ हर्ट्झ. एवढासा स्पीकर ५५ हर्ट्झ जवळपास वाजवतच नाही. तो ११०, १६५, २२० असे वरचे उपस्वर वाजवतो आणि त्यांच्यातल्या अंतरावरून मेंदू तळाचा स्वर स्वतःच भरून काढतो. मी ज्याच्या मागे लागले होते, तो स्पीकरमधून धड बाहेरही पडला नव्हता!

मग सगळे करतात तेच मी केलं. सर्वांत जाड तार, जी ई स्वराला लावलेली असते, ती उतरवत उतरवत ए पर्यंत आणली. ती तार कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी हलायला लागली. पिक (तार छेडायची चकती) लागलं की फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, खडखडायची, आणि जरा जोरात मारलं की स्वर आधी चढून मग जागेवर यायचा. यामागचं गणित सोपं आहे. ई सुमारे ८२ हर्ट्झ, ए ५५, म्हणजे कंपनसंख्या दोन तृतीयांश झाली. तारेवरचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तो नऊपैकी चार भाग, निम्म्याहूनही कमी उरला. एवढ्या सैल तारेकडून ठोसा कसा मिळणार?

पुढची पायरी म्हणजे जाड तार. ती आणली, तर नटमधल्या (नेकच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीतल्या) खाचेत बसेना. खाच रुंद करून घेतली. आता ए छान वाजू लागला, पण माझी जुनी ई गेली. सगळ्यात खालच्या दोन तारांमधलं अंतर बदललं आणि तिथून सुरू होणारं जे जे बोटांत बसलं होतं, ते सगळं सरकलं. तळघराला जिना केला खरा, पण त्यासाठी दिवाणखाना पाडला.

सातवी तार इथे कामाला येते. ती जुन्या सहा तारांना हात लावत नाही. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ती बी असते, ६२ हर्ट्झच्या आसपास. कॉर्नवाले अख्खी गिटारच एक स्वर उतरवून तिचा ए करतात. मी “खालची तार” म्हणते ती स्वराने खालची. हातात गिटार धरली की ती छताकडे असते, आणि नवशिक्यांचा या वर-खालीच्या घोळात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दोन कॉर्ड शिकून होतील.

आता एक हिशेब, जो विक्रेते कधी सांगत नाहीत. सातव्या तारेने नवे स्वर किती मिळतात? पाच. बी, सी, सी शार्प, डी, डी शार्प, आणि मग पुन्हा तुमची जुनी ई. आठवी तार एफ शार्पची. तिचे आणखी पाच. म्हणजे आठ तारांच्या गिटारमध्ये नवे असे दहा सूर, आणि त्यासाठी नटपाशी साधारण ४३ मिलिमीटरची नेक ५५ च्या घरात जाते. एवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचं उत्तर मला गिटार घेतल्यावर बऱ्याच उशिरा मिळालं.

त्याआधी आणखी एक गोष्ट, कारण हेही बरेच जण विचारतात: तार नेहमी खालच्या बाजूलाच का वाढवतात, वरती का नाही? वरती वाढवायची झाली तर पुढची तार ए, ४४० हर्ट्झ. तारांची लांबी साडेपंचवीस इंच असलेल्या गिटारवर पोलादी तार तिथवर नेली की ती तुटायच्या अगदी काठावर असते. बारीक तार लावूनही सुटका नाही. तार बारीक झाली की ताण कमी लागतो, पण तो पेलायची तिची ताकदही तेवढीच कमी होते. हिशेब जागच्या जागी राहतो. उपाय एकच, लांबी आखूड करणे. लेनी ब्रो या जॅझ वादकाने सातवी तार म्हणून वरचा ए लावून पाहिला, पण त्या वाटेने फार थोडे गेले. वरती छत आहे. खाली खणत जाता येतं.

आणि हे खणणं काही मेटलवाल्यांनी सुरू केलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात रशियात सात तारांची गिटार घरोघरी वाजत होती, तिचं ट्यूनिंगच वेगळं, मोकळ्या तारा छेडल्या तरी जी मेजर कॉर्ड ऐकू येणारं. ब्राझीलमध्ये शोरू हा तिथला संगीतप्रकार वाजवणाऱ्यांची सात तारांची गिटार आहे. तिची खालची सी तार गाण्याखालून बेसच्या नागमोडी ओळी काढत फिरते. अमेरिकेत जॉर्ज व्हॅन एप्स या जॅझ वादकाने १९३० च्या दशकाच्या अखेरीस एपिफोन कंपनीकडून सात तारांची गिटार बनवून घेतली. त्याची सातवी तार ए होती, पाचव्या तारेच्या बरोबर एक सप्तक खाली. त्याला दणका नको होता, त्याला हवी होती बेसची ओळ, म्हणजे एकाच हातात कॉर्ड आणि तिच्याखाली चालणारा वेगळा स्वर. मग १९९० साली गिटारवादक स्टीव्ह वायसाठी आयबानेझ कंपनीने ‘युनिव्हर्स’ ही सात तारांची गिटार काढली आणि सात तारा सॉलिड बॉडीच्या इलेक्ट्रिक गिटारवर सहज मिळू लागल्या. कॉर्नच्या दोघा गिटारिस्टांच्या हाती तीच पडली. वायने ती गिटार ज्या लखलखाटासाठी घेतली होती त्याचा या दोघांच्या वाजवण्याशी काही संबंध नव्हता. त्यांनी जाड तारेवरच मुक्काम ठोकला, आणि माझ्यासारख्या हजारोंची वाट तिथून फुटली.

आठव्या तारेचं श्रेय किंवा दोष मशुगाला. हा स्वीडिश बँड २००२ च्या अल्बमसाठी आठ तारांच्या गिटार बनवून घेत होता. त्या वेळेवर कामाला आल्या नाहीत, म्हणून सात तारांच्याच उतरवून त्यांनी रेकॉर्डिंग उरकलं, आणि २००६ मध्ये तोच अल्बम खऱ्या आठ तारांवर पुन्हा काढला. २००७ मध्ये आयबानेझची आठ तारांची गिटार बाजारात आली, सत्तावीस इंची. ती लांबी मिरवण्यासाठी नसते. तीच तार, तोच स्वर, पण साडेपंचवीसऐवजी सत्तावीस इंच, की ताण साधारण १२ टक्क्यांनी वाढतो. खालच्या एफ शार्पला त्याची गरज असते.

मी आठ तारांची घेतली तेव्हा यातलं मला निम्मंही माहीत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला तिची रुंद नेक दिसायला आवडली होती. घरी आणून पहिल्या दिवशी मी ओळखीचा एक साधा रिफ वाजवला आणि भलतंच काहीतरी वाजलं. हात सवयीने काठावरच्या जाड तारेला ई समजत होता, आणि काठावर आता एफ शार्प बसला होता. आठवडाभर मी माझ्याच घरात भिंतींवर आपटत होते. शेवटी मोजण्याची दिशा उलटी केली, बारीक तारेकडून. तो काठ बदललेला नव्हता.

दुसरा धक्का आवाजाचा. सहा तारांवर ठणठणीत वाजणारी पॉवर कॉर्ड (दोनच स्वरांची कॉर्ड) आठव्या तारेवर नुसता चिखल. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणं, सगळ्या स्वरांचे उपस्वर एकमेकांत मिसळून नवे स्वर तयार करतं, आणि मूळ स्वर इतके खाली असले की हे नवे स्वर गुरगुरीत जमा होतात. मी त्यावर गेन, म्हणजे डिस्टॉर्शनची मात्रा, वाढवला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. गेन कमी करायचा असतो, आणि ॲम्पच्या आधी एक ओव्हरड्राइव्ह पेडल लावून तळाचा भाग थोडा छाटायचा असतो, हे नंतर कळलं. खालचा स्वर मिळवायला एवढा खर्च करायचा आणि मग खालचा भागच कापायचा! पण ते खरं आहे. आमच्या बेसवाल्याचं म्हणणं याहून थेट होतं. त्याची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झ, माझी ४६. “तू इथे काय करतेयस?” त्याने विचारलं. त्याच्या जागेत मी खुर्ची टाकून बसले होते.

त्या प्रश्नामुळेच मी नीट ऐकायला लागले. पाम म्यूट करून, म्हणजे तळहाताने तार हलकी दाबून, वाजवलेल्या आठव्या तारेत स्वर थोडा आणि आघात फार असतो. मशुगाचे रिफ म्हणूनच कॉर्डवर कमी आणि एकेका स्वरावर जास्त चालतात. ती तार ते ड्रमसारखी वापरतात, बास ड्रमच्या पावलात पाऊल टाकून. मला ओढून नेणारी गोष्ट खर्जातला सूर आहे असं मी समजत होते. निम्मं आकर्षण तालाचं होतं.

आणि उरलेलं निम्मं मला पहिली दोन वर्षं दिसलंच नव्हतं. एका संध्याकाळी डिस्टॉर्शन बंद ठेवून, पिक बाजूला ठेवून, नुसती बोटांनी वाजवत होते. अंगठा खाली बेसचा स्वर धरून होता, वरच्या चार तारांवर कॉर्ड, आणि डावा हात जागचा हलला नव्हता. सहा तारांवर एका जागी चार फ्रेटमध्ये दोन सप्तकं आणि वर थोडं एवढं हाताशी येतं. आठ तारांवर तीन सप्तकं ओलांडतात. ते दहा नवे सूर हा मामुली भाग झाला. जुने सूर नव्या जागी मिळतात, हाताच्या टप्प्यात, याची किंमत मला त्या संध्याकाळी कळली. पूर्वी मोकळ्या ताराच बेसला सापडायच्या म्हणून मी ठरावीक चारपाच पट्ट्यांतच वाजवायचे. आता एफ मायनरला घाबरायचं कारण उरलं नाही. जॅझ गिटारवादक चार्ली हंटर आठ तारांवर हेच टोकाला नेऊन वाजवायचा: तीन तारा बेसच्या, पाच गिटारच्या, आणि फ्रेट पंख्यासारखे तिरपे, म्हणजे जाड तारांना लांबी जास्त आणि बारीक तारांना कमी. मेटल गिटारिस्ट टोसिन अबासी जाड तारांवर बेसवाल्यासारखा अंगठा आपटतो. व्हॅन एप्सला जे हवं होतं, तिथेच मी कॉर्नच्या दाराने येऊन पोहोचले होते.

प्रत्येकजण या दारानेच येतो असं नाही. माझ्या ओळखीची एक गायिका आहे. तिला प्रत्येक गाणं दोन-तीन स्वर खाली लागतं आणि साथीच्या गिटारचा तळच निघून जातो, म्हणून ती सात तारांकडे आली. मेटल तिला डोकेदुखी वाटते.

तर तुम्ही घ्यावी का? आधी हे करून पाहा. सात तारांचा एक सेट आणा. सर्वांत बारीक ई बाजूला ठेवा आणि उरलेल्या सहा तुमच्या आहे त्याच गिटारवर चढवा: बी, ई, ए, डी, जी, बी. जाड तारेसाठी नटची खाच रुंद करावी लागेल, ते जाणकाराकडूनच करून घ्या, मी कानशीने केलं होतं आणि नट बदलावा लागला. महिनाभर असंच वाजवा. त्या महिन्यात बाजूला ठेवलेल्या ई साठी हात वारंवार शिवशिवला, तर सात तारांची घ्या. आठवणही आली नाही, तर तुम्हाला बॅरिटोन, म्हणजे जरा लांब आणि खालच्या स्वरांना लावलेली, गिटार हवी आहे, आणि तिला सहाच तारा असतात.