पोरे चांगली होती, मग तुम्ही काय केलेत?

भुसावळात कोणीही भेटले की विचारतो: शाळेला लागोपाठ तीन वर्षे जिल्हा फुटबॉल स्पर्धा जिंकून दिलीत खरी, पण ते दोघे भाऊ नसते तर? तुम्ही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

सातपुड्याच्या पाड्यावरून आलेल्या त्या भावांना धावायला मी शिकवले नाही, हे मान्य आहे. परंतु थोरला सुरुवातीला चेंडू मिळताच मान खाली घालून पळत सुटायचा. मान वर करून साथीदार शोधायला त्याला एक पूर्ण पावसाळा लागला, आणि त्या पावसाळ्यात रोज संध्याकाळी चिखलात त्याच्यासोबत मीच उभा होतो. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी असे खेळाडू भारताचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताशी होतेच. तरीही डोक्याला जखम झालेल्या जर्नेलसिंग या बचावपटूला आघाडीवर खेळवण्याचा निर्णय रहीम यांचा होता, आणि दक्षिण कोरियाविरुद्धचा अंतिम सामना आपण २-१ असा जिंकला त्यात एक गोल जर्नेलसिंगचा होता. ते यश केवळ खेळाडूंचे, असे कोणी म्हटले की मला राग येतो.

भाऊ शाळा सोडून गेले आणि गेल्या वर्षी जळगावला पहिल्याच फेरीत आम्ही ०-४ असे हरलो. परतीच्या एसटीत माझ्या शेजारी उजव्या बाजूने खेळणारा मुलगा बसला होता. तक्रारीचा सूर न लावता तो म्हणाला, "सर, चेंडू आला की दादाला द्यायचा, एवढंच तुम्ही आम्हाला सांगायचात. आता दादा नाही, तर कोणाला द्यायचा?" नशिराबाद मागे पडले, वाघूरचा पूल ओलांडला, भुसावळ आले, तरी माझ्याकडून उत्तर गेले नाही. तीन वर्षे तो संघात होता आणि आपण जिंकतो आहोत एवढ्यावर समाधान मानून मी त्याला दुसरे काही शिकवलेच नव्हते.

एक खेळाडू गेल्यावर संघाचे काय होते त्यावरून प्रशिक्षक ओळखावा, असे पूर्वी मीच सांगत असे. ती कसोटी लावली तर २०१६ मध्ये लेस्टर या क्लबला इंग्लंडचे विजेतेपद मिळवून देणारे क्लाउदिओ रानिएरीही उतरत नाहीत. त्यांचा खेळाडू कांटे चेल्सी या दुसऱ्या क्लबला गेला, पुढच्या मोसमात चेल्सी विजेते झाले आणि रानिएरींना फेब्रुवारीतच काढून टाकण्यात आले. तरी लेस्टरचे विजेतेपद त्यांचे नव्हते, असे मला म्हणवत नाही. यात माझी सोय किती आणि न्याय किती, हे मला ठरवता आलेले नाही.

यंदा जूनपासून सरावात चेंडू कोणा एकाकडे द्यायचा नाही, असा नियम केला आहे. त्या मुलाचे शाळेतील हे शेवटचे वर्ष आहे.