स्कूबाचं सामान घेऊन: दोन विमानं, फळ्यांचा धक्का, मऊ वाळू आणि चाकांची बॅग

स्कूबा डायव्हिंगला (सिलिंडरमधल्या हवेवर पाण्याखाली पोहायला) जायचा मार्ग असा होता: लागोपाठ दोन विमानं, मग बस, फळ्यांचा लांबलचक धक्का, उघडी होडी आणि शेवटी किनाऱ्यावरच्या मऊ वाळूतून मुक्कामापर्यंत चालत. सिलिंडर आणि बुडण्यासाठी लागणारी शिशाची वजनं जागेवर मिळतात, ती नेण्याचा विचारही करू नये. बाकी सगळं सामान सोबत होतं. गटात तीन तऱ्हेच्या बॅगा होत्या: चार फिरत्या चाकांची कडक कवचाची, दोन चाकांची जाड कापडाची, आणि दोन चाकांबरोबर पाठीवर घ्यायचे पट्टे असलेली मऊ डफल (लांबट थैली). तिन्ही मुक्कामी पोचल्या, पण वेगवेगळ्या अवस्थेत. पुढे जाणाऱ्यांना उपयोगी पडेल ते त्या फरकातच आहे.

आधी वजन, कारण बॅग निवडताना पहिली चूक इथेच होते. लांब पल्ल्याच्या बहुतेक विमानांत इकॉनॉमीच्या चेक-इन नगाला २३ किलोंची मर्यादा असते, आणि लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १५८ सेंटीमीटरच्या आत लागते. या मापात चाकं आणि मुठीही धरतात. आता सामान मोजू. बीसीडी (पाण्यात तरंग सांभाळणारं, हवेने फुगणारं जाकीट) साडेतीन किलो (प्रवासी प्रकारचा हलका असेल तर अडीच), ऑक्टोपस (जादा मुखनळी) आणि गेजसह (हवा-खोलीचं मापक) रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणारं यंत्र, तीन, उघड्या टाचेचे फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंख) अडीच, ३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट (अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख) पावणेदोन, बूट एक, आणि मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं छोटं यंत्र), टॉर्च, सिग्नल बॉय (पाण्यावर जागा दाखवणारा फुगा), त्याच्या दोरीचं रीळ मिळून दीड. झाले तेरा किलोंच्या वर. खास डायव्हिंगसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मोठ्या बॅगा रिकाम्याच साडेपाच-सहा किलोंच्या असतात. हे सगळं त्याच बॅगेत भरलं तर कपड्यांना जेमतेम चार किलो उरतात, आणि परतीच्या ओलाव्याला काहीच नाही. रिकामी बॅग चार किलोंच्या आत असावी. मजबुतीच्या नावाखाली त्याहून जड बॅग घेऊ नये. मजबुती कुठे लागते त्या जागा मोजक्याच आहेत आणि त्या पुढे येतील.

आकारमान ९० ते १०० लिटर पुरतं. १२० लिटरची बॅग घेतली की ती भरली जाते, आणि भरली की काटा २३ च्या पुढे जातो. लांबी मात्र फिन्स ठरवतात. उघड्या टाचेचे फिन्स साधारण ६० ते ७० सेंटीमीटर असतात, त्यामुळे बॅगेची आतली लांबी स्वतः टेप लावून मोजावी. लेबलवरचं माप बाहेरचं असतं. बाहेरून ७५ × ४० × ३५ म्हणजे बेरीज १५०, हे सोयीचं माप. ओढायच्या दांड्याच्या नळ्या बॅगेच्या तळातून आत जातात आणि खोली तीन-चार सेंटीमीटरने खातात, तेही धरावं.

चाकांवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. चार फिरत्या चाकांची बॅग विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर सर्वांत सुखाची होती आणि धक्क्यावर पहिली अडली. या चाकांचा व्यास लहान असतो, फळ्यांमधल्या फटीत ती रुततात, आणि झटका बसला की ताण फिरत्या काट्यावर (चाक धरणाऱ्या दुतोंडी आधारावर) येतो. काटा वाकला की चाक फिरतं पण वळत नाही. शिवाय उतारावर किंवा डोलणाऱ्या धक्क्यावर अशी बॅग आपोआप निघते, आणि बाजूला पाणी असतं. समुद्राच्या प्रवासाला चार चाकं नकोतच.

दोन चाकं हवीत, स्थिर, कोपऱ्यात अर्धी आत बसवलेली, ८० ते १०० मिलिमीटर व्यासाची, पॉलियुरेथेनची. मग पाहायचं ते चाकाचा आस (मधला दांडा) कशाने धरलाय. रिव्हेट (ठोकून कायमचा बसवलेला खिळा) असेल तर चाक गेलं की बॅग गेली. ऍलन बोल्ट (षटकोनी खाचेचा) असेल तर पाच मिनिटांत चाक बदलता येतं. अनेक बॅगांत स्केट्सचीच चाकं असतात आणि त्यांत ६०८ क्रमांकाची बेअरिंग बसते: भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. ही बेअरिंग जगात कुठेही मिळते. एक जोडी आणि योग्य मापाची ऍलन की बाजूच्या कप्प्यात टाकून ठेवावी. बेअरिंग सीलबंद असली तरी खारं पाणी शेवटी आत जातंच. गंजलेली बेअरिंग आधी करकरते, मग चाक घासत ओढलं जातं आणि एका बाजूने सपाट होतं.

चाकाभोवतीचं प्लॅस्टिकचं घर तळाखालून आणि कोपऱ्यावरून वर चढलेलं असावं. बॅग खाली आदळते ती याच कोपऱ्यावर. घर नुसत्या दोन स्क्रूंवर धरलेलं असेल तर तडा तिथूनच जातो. दोन चाकांमधल्या पट्टीवर प्लॅस्टिकच्या उभ्या सळया हव्यात, नाहीतर पायऱ्या चढताना कापड घासून फाटतं.

मऊ वाळूत कुठलंच चाक चालत नाही. बॅग नांगरासारखी वाळू खणत जाते आणि दांड्याच्या नळ्यांत वाळू शिरते. पाठीवरच्या पट्ट्यांची डफल इथे सरळ पुढे गेली. पट्टे नसतील तर दोन्ही टोकांना शिवलेल्या भक्कम मुठी तरी हव्यात, म्हणजे दोघांना धरून होडीत चढवता येते. दांड्याला धरून बॅग कधीही उचलू नये. नळी जराशी वाकली तरी दांडा पुन्हा आत जात नाही.

कापडाच्या बाबतीत १००० डेनियरचं नायलॉन पुरेसं आहे. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे आकडा जाडी सांगतो, विणीचा दर्जा नाही. टारपोलिनची (ताडपत्रीसारखी) बॅग पाणी आत येऊ देत नाही तसं बाहेरही जाऊ देत नाही, म्हणून तळाशी जाळीची भोकं आहेत का पाहावं.

चेन १० नंबरची, नायलॉन कॉइलची (नायलॉनच्या वेटोळ्याचे दात असलेली) घ्यावी. नंबर म्हणजे बंद चेनच्या दातांची अंदाजे मिलिमीटरमधली रुंदी. धातूचे दात समुद्रावर टिकत नाहीत. कॉइल चेन टिकाऊ आहे, पण पेनाच्या टोकाने मधेच उघडता येते आणि रनर (चेनचा सरकता तुकडा) फिरवून परत मिटतेही. कुलपाचा भरवसा तेवढाच. वरून आडवे पट्टे आवळले की चेनवरचा ताण कमी होतो. तटकन उसवते ती वळणाच्या कोपऱ्यात, ठासून भरल्यामुळे.

भरण्याचा क्रम: फिन्स दोन बाजूंना उभे, पायाच्या खोबणीत मोजे कोंबून, म्हणजे खोबण दबून वाकडी होत नाही. बूट चाकांच्या बाजूला. बीसीडी हवा काढून मधे, पाठ तळाकडे करून, म्हणजे नळ्यांचे उंचवटे झाकले जातात. वेटसूट सैल गुंडाळून सर्वांत वर. चाकू किंवा कटर याच बॅगेत. रेग्युलेटर, मास्क आणि कॉम्प्युटर केबिनमध्ये: बॅग मागे राहिली तर बाकीचं भाड्याने मिळतं, पण चेहऱ्याला बसणारा मास्क आणि ओळखीचा रेग्युलेटर मिळणं कठीण. रेग्युलेटरचे होज (रबरी नळ्या) मोठ्या वेटोळ्यात ठेवावेत, टोकांशी तीव्र वळण देऊ नये. केबिनची मर्यादा अनेक ठिकाणी ७ किलोंची असते, तेवढ्यात हे बसतं. सुट्या लिथियम बॅटऱ्याही केबिनमध्येच, टोकांना चिकटपट्टी लावून. १०० वॉट-तासांच्या वरच्या असतील तर विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी.

परतीचं वजन ओल्या सामानामुळे वाढतं. सलग अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानाआधी किमान १८ तास पाण्याबाहेर राहायचंच असतं; हेच तास वाळवण्याला वापरावेत. बीसीडीच्या आत गोडं पाणी भरून हलवावं, उलटा धरून डंप व्हॉल्व्हमधून (हवा सोडायच्या झडपेतून) काढावं, मग अर्धा फुगवून सावलीत टांगावा. आत लिटरभर पाणी राहिलं तर काट्यावर किलोभर वाढतं. बूट सर्वांत उशिरा वाळतात, त्यामुळे ते सर्वांत आधी धुवावेत. हातात धरायचा छोटा वजनकाटा सोबत असावा.

घरी आल्यावर दांडा पूर्ण बाहेर ओढून बॅग गोड्या पाण्याने धुवावी आणि उलटी उभी करावी, म्हणजे नळ्यांतली वाळू निघून जाते. ऍल्युमिनियमवर पांढरी पूड धरली की दांड्याचं बटण अडकायला लागतं. चाकं फिरवून वाळवावीत, बोल्टवर तेलाचा एक थेंब, चेनवर मेणाची कांडी. बॅग चेन उघडी ठेवून हवेशीर जागी ठेवावी. दमट, बंद कपाटात कापडाच्या आतला पॉलियुरेथेनचा थर चिकट होऊन सुटू लागतो आणि तो परत लावता येत नाही.