लोडसेलची वजाबाकी चिपलाच करू द्या

पुण्याच्या तपकीर गल्लीतून एडीएस१११५ (व्होल्टेजचा आकडा करणारी १६ बिटची चिप) हिचं मॉड्यूल आणि १० किलोचा लोडसेल (वजनाचं व्होल्टेज करणारा सेन्सर) आणला, की सिग्नलच्या दोन तारा वेगवेगळ्या वाचून प्रोग्रॅममध्ये वजाबाकी करायचा मोह होतो. तो टाळा.

२ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा (पुरवठ्याच्या दर व्होल्टमागे पूर्ण वजनाला २ मिलिव्होल्ट देणारा) सेल ५ व्होल्टवर चालवला, तर पूर्ण वजनालाही दोन तारांत फरक पडतो फक्त १० मिलिव्होल्टचा. तारा मात्र ग्राउंडपासून २.५ व्होल्टवर असतात. एकेक तार वाचायला ±४.०९६ व्होल्टची रेंज लागते. तिची पायरी, म्हणजे मोजता येणारा सगळ्यात लहान फरक, १२५ मायक्रोव्होल्टची, म्हणजे अख्ख्या १० किलोला ८० पायऱ्या! फरक चिपनेच मोजला तर ±०.२५६ व्होल्टची रेंज चालते आणि पायऱ्या मिळतात १२८०. शिवाय सेकंदाला १२८ सॅम्पल (मोजण्या) धरले तर दोन रीडिंगांत किमान ७.८ मिलिसेकंद जातात. घरच्या विजेचं, ५० हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. दोन्ही तारांवर सारखाच बसलेला हम (त्या विजेचा गोंगाट) वजाबाकीत जायचा, तो उलट वाढू शकतो. भोसरीच्या शेडमध्ये शेजारी वेल्डिंग चालू असेल तर विचारूच नका.

म्हणून लिनक्सच्या आयआयओमध्ये (सेन्सर आणि अशा चिप्सच्या ड्रायव्हरांसाठीची व्यवस्था) फरक हाच एक चॅनेल असतो. ड्रायव्हर लिहिताना चॅनेलच्या वर्णनात 'डिफरेन्शियल' १ करा, 'चॅनेल'मध्ये धन पिन आणि 'चॅनेल२'मध्ये ऋण पिन द्या. मग सिसएफएसमध्ये (ड्रायव्हरचे आकडे फाइल म्हणून दाखवणारी लिनक्सची जागा) 'इन_व्होल्टेज०-व्होल्टेज१_रॉ' अशी फाइल दिसते आणि कुठून काय वजा झालं ते नावातच कळतं. एडीएस१११५मध्ये ०-१, ०-३, १-३ आणि २-३ एवढ्याच जोड्या आहेत. नसलेली जोडी दाखवू नका.

सगळ्यात जास्त चुका चिन्हात होतात. साइन एक्स्टेंड करताना, म्हणजे १६ बिटचा आकडा चिन्हासकट ३२ बिटचा करताना, १५ द्या, १६ नाही, कारण तिथे चिन्हाच्या बिटचा क्रमांक लागतो आणि मोजणी शून्यापासून असते. हे राहून गेलं तर उणे एकचे ६५५३५ होतात. काही चिप्स टूज कॉम्प्लिमेंटऐवजी (उणे आकडे लिहायची नेहमीची पद्धत) ऑफसेट बायनरी (शून्य मधोमध सरकवलेली पद्धत) देतात; तिथे 'ऑफसेट' फाइल हवी, कारण खरी किंमत म्हणजे रॉ (चिपचा कच्चा आकडा) अधिक ऑफसेट, या बेरजेला गुणिले स्केल (एका पायरीची किंमत). उत्तर मिलिव्होल्टमध्येच द्या. किलो सेलवर ठरतात, ते ड्रायव्हरचं काम नव्हे. सिग्नलची पांढरी-हिरवी तार उलट लागली तरी चिन्ह ड्रायव्हरमध्ये फिरवू नका, कॅलिब्रेशनमध्ये फिरवा.

सतत मोजणी चालू असताना जोडी बदलली, की लगेच वाचलेला आकडा जुन्या जोडीचा असतो. जुनं आणि नवं अशी दोन्ही रूपांतरं (चिपच्या मोजण्या) पूर्ण होऊ द्या, वर चिपच्या आतल्या घड्याळाच्या चुकीसाठी १० टक्के धरा. १२८च्या वेगाला हे सुमारे १७.२ मिलिसेकंद होतात.

आणि एकेरी (एकेक तार ग्राउंडपासून मोजणारे) चॅनेल काढून टाकू नका. सेलची पुरवठ्याची एखादी तार तुटली तर दोन्ही सिग्नल तारा एकाच पातळीवर जातात, फरक शून्याजवळ येतो आणि काटा रिकामा वाटतो. तेव्हा 'इन_व्होल्टेज०_रॉ'वरून २.५ व्होल्ट आहेत का ते बघा. ५ किंवा ० दिसले तर तार गेली.