मानेवरची पावडर

आमच्या आर्वीकडच्या खेड्यांत माणूस बाहेरगावी निघाला हे त्याच्या मानेवरून कळतं. शर्टाच्या कॉलरवर पांढरा पट्टा, आणि बसस्टँडवर पोचेपर्यंत घामानं त्या पट्ट्याच्या झालेल्या वळ्या. पारावरचं कोणीतरी हटकतंच, "काऊन जी बापू, कुठी चालले? लगनाले का?" वावरात जाताना पावडर कोणी लावत नाही. ती तहसीलसाठी, बँकेसाठी, सोयरिकीसाठी. इस्त्रीच्या शर्टाच्या जोडीची ती गोष्ट आहे. सावळ्या चेहऱ्यावर ती राखाडी दिसते, पण हे आरसा कधी सांगत नाही. लग्नाचा अल्बम आला की कळतं.

डब्यातलं हे पांढरं मुळात दगडाचं पीठ आहे. संगजिरे नावाचं खनिज खाणीतून काढून दळतात, त्यात वास मिसळतात. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोहस मापात संगजिऱ्याचा क्रमांक १, म्हणजे सगळ्यांत मऊ. नखानंही ओरखडा उठतो. त्याचे कण पापुद्र्यांचे असतात आणि एकमेकांवरून सरकतात. चौकातल्या सायकलच्या दुकानात ट्यूब टायरात बसवण्याआधी हीच पावडर चोळतात, ती यासाठीच. रबर रबराला चिकटू नये. मांड्या घासून लाल झालेल्या माणसाला पावडरनं बरं वाटतं त्याचं कारणही हेच. सरकणं हा तिचा खरा गुण. पाणी शोषण्याचा गुण आपण तिला उगाच चिकटवलाय. संगजिरे पाण्यापेक्षा तेलाशी जास्त सलगी करतं. म्हणून तेलकट नाकाची चकाकी पावडरनं जाते, पण ओल्या पाठीवर तिचा लगदा होतो.

आणि आपण ती लावतो नेमकी ओल्या पाठीवर. उन्हाळ्यात डबा दुप्पट वेगानं संपतो. आता गंमत बघा, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा हवा इतकी कोरडी असते की घाम आला तसा उडून जातो. घामोळ्या खऱ्या फुलतात त्या मृगाच्या तोंडावर, आभाळ भरून येतं आणि पाऊस मात्र येत नाही तेव्हा. किंवा मग कुलरसमोर. दारं-खिडक्या गच्च बंद करून कुलर लावला की खोलीत थोड्या वेळात गारवा कमी आणि ओल जास्त साचते. कुलरला बाहेरची हवा लागते, आणि खोलीतली जायला वाट लागते, हे दर उन्हाळ्यात नव्यानं सांगावं लागतं. घामोळी म्हणजे घामाच्या नळीचं तोंड बुजणं. बुजलेल्या तोंडावर आणखी पावडर थापून काय साधणार? मेंथॉलच्या पावडरनं गार वाटतं हे खरं, पण कातडीला तसं नुसतं वाटतं, अंग काही गार होत नाही. थंड पाण्याची आंघोळ, कोरडं पुसणं, सैल सुती बंडी आणि वारा, एवढ्यानं घामोळ्या बसतात. त्यानंतर हौसेनं चिमूटभर लावली तर माझी हरकत नाही. जांघेतल्या गजकर्णावर वासाची पावडर चोळत बसणाऱ्यांना मात्र हरकत आहे. तो बुरशीचा आजार, त्याला डॉक्टरचं औषध लागतं.

माझं खरं भांडण आहे ते पाळण्याजवळच्या डब्याशी. बाळंतिणीच्या खोलीत बाळाला न्हाऊ घालायला म्हातारी येते. पायांवर उपडं घेऊन तेलानं रगडते, कढत पाण्याचे तांबे ओतते, पुसते, ओवा-उदाची धुरी देते, आणि मग डबा उघडते. तळहातावर घेणं तिला माहीत नाही. मान वर करून गळ्याच्या वळीत थेट डबा झटकते, फस् फस्. कवडशात तो पांढरा धूर तरंगताना दिसतो आणि बाळ त्याच्या बरोबर मधोमध तोंड उघडून रडत असतं. रडणारं बाळ श्वास केवढा ओढतं! ही भुकटी पाण्यात विरघळत नाही. फुप्फुसात गेली की चिकटून बसते, दम लागतो. तान्ही मुलं यानं दगावल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. त्यांतल्या बऱ्याच घटनांत डबा मुलाच्याच हातात होता, कारण लंगोट बदलताना त्यानं हात हलवू नयेत म्हणून आपणच तो खेळायला दिलेला असतो. झाकण सैल, डबा तोंडावर पालथा.

हे सगळं मी आमच्या मोठ्या आईला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "पावडर नाई लावली तं लेकरू न्हालं हे कोनाले समजन?" याला उत्तर नाही. वळ्यांतला ओलावा मऊ फडक्यानं टिपला की बाळाला आणखी काही लागत नाही, पण न्हालेल्या बाळाचा म्हणून जो वास आपण धरून बसलोय तो त्या डब्याचा आहे, हे मलाही मान्य. शेवटी तडजोड झाली. डबा फडताळात वर, आणि पाहुणे येणार असतील त्या दिवशी दुसऱ्या खोलीत तळहातावर घासून तोच हात झबल्याच्या पाठीवरून फिरवायचा. वास लागतो, धूर होत नाही.

कॅन्सरचं काय, हे बायका हळू आवाजात विचारतात. संगजिऱ्याच्या खाणीत कधीकधी शेजारीच ॲसबेस्टॉस असतं, आणि ॲसबेस्टॉसनं कॅन्सर होतो यात शंका नाही. त्याखेरीज कमरेखाली रोज पावडर लावणाऱ्या बायकांत अंडाशयाचा कॅन्सर थोडा जास्त दिसतो, असं काही अभ्यास म्हणतात. २०२० मध्ये अमेरिकेत अडीच लाख बायकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा ठाम असं काही हाती लागलं नाही. तरी जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं संगजिऱ्याला 'बहुधा कॅन्सरकारक' या २ए गटात टाकलं. जॉन्सन अँड जॉन्सननं संगजिऱ्याची बेबी पावडर अमेरिका-कॅनडात २०२० मध्येच थांबवली होती, २०२३ मध्ये जगभर थांबवली आणि मक्याच्या पिठावर आली.

२ए ऐकून घाबरण्याआधी त्या गटातली बाकी मंडळी बघून घ्या. बोकडाचं मटण तिथं आहे, म्हणजे आपलं सावजी आलंच. ६५ अंशांवरचा कढत चहाही आहे, टपरीवर बशीत न ओतता पितात तो. पुरावा किती भक्कम हे त्या गटावरून कळतं, धोका किती मोठा ते कळत नाही. सावजी सुटणार नाही हे मला ठाऊक आहे. पण कमरेखालच्या पावडरीवाचून काहीच अडत नाही, मग ती जोखीम कशाला? तिथं पाणी, कोरडं फडकं आणि सुती कापड पुरतं. मानेला, पाठीला, पायाच्या बोटांत मोठ्या माणसानं लावावी, पंखा बंद करून, नाकापासून दूर.

एक सूचना कॅरमवाल्या घरांना. कॅरमची म्हणून मिळते ती बहुधा बोरिक पावडर. दिसायला अगदी तशीच, आणि झुरळं मारायला लोक हीच टाकतात. ती जुन्या पावडरच्या डब्यात भरून ठेवायची सवय आपल्याकडं फार आहे. डबा कुठलाही रिकामा राहू देत नाही ना आपण! दोडक्याचं बियाणं ठेवा त्यात, चिल्लर ठेवा, पण बोरिक नको. ती बाळाच्या अंगाला लागली तर विषच.

बाकी घरात पावडरचे उपयोग पुष्कळ. मंगळसूत्राच्या साखळीची गाठ तिनं सैल होते. लग्नाच्या पंगतीत शर्टावर रश्श्याची तर्री सांडली तर पाणी लावायच्या आत डागावर पावडर थापावी, घटकाभर ठेवून झटकावी, आणि मग साबण. तेल ती ओढून घेते. हळद मागं राहते. तिच्यासाठी धुतलेला शर्ट दोरीवर टाकावा, हळद उन्हात उडते, आणि आपल्याकडं बाकी कशाची टंचाई असली तरी उन्हाची नाही.