सुट्टीवर खापर फोडू नका

नव्या सेमिस्टरचा पहिला आठवडा हा कॉलेजातला सगळ्यात ढोंगी आठवडा असतो. मागच्या सेमिस्टरमधलं सगळं आम्हाला आठवतंय असं प्राध्यापक धरून चालतात, आणि आम्ही माना डोलावून त्यांना खुशाल तसं धरू देतो. 'हे तुम्ही केलेलंच आहे' या वाक्यावर तर आख्खा वर्ग इतक्या गंभीरपणे होकार देतो की एखाद्या तिऱ्हाइताला वाटावं, सगळी सुट्टी पोरं गणितंच सोडवत होती. आणि विसरलोय हे उघड झालं की खापर फुटतं ते सुट्टीवर.

हिवाळ्याच्या सुट्टीची आणखी एक गंमत आहे. ती वर्षाच्या मधोमध येते, त्यामुळे परतल्यावर काहीच बदललेलं नसतं. खोली तीच, रूममेट तीच, वर्गाचा खडखडणारा दरवाजा तोच. ग्रुपचं नाव बदलून कुणीतरी 'सेम 3' चं 'सेम 4' करतं, की झालं नवं सेमिस्टर. बाकांवरच्या जागासुद्धा पहिल्या दिवशी ठरतात आणि मग त्या वडिलोपार्जित असल्यासारख्या पाळल्या जातात. मी खिडकीकडची तिसरी रांग धरली. फळा नीट दिसतो आणि सरांची नजर सहसा पाचव्या रांगेवर असते.

मी फिजिक्सची. या वेळी थर्मोडायनॅमिक्स, मॅथेमॅटिकल मेथड्स, इलेक्ट्रॉनिक्स लॅब, आणि ऐच्छिक म्हणून मानसशास्त्राची तोंडओळख असे विषय आहेत. मेथड्सबद्दल अजून सांगण्यासारखं काही नाही. मॅडमनी अभ्यासक्रम वाचून दाखवला आणि सोडलं. लॅबमध्ये ब्रेडबोर्ड मोजून घेतले, ऑसिलोस्कोपचे प्रोब तपासले आणि त्यातले निम्मे बाद निघाले. हे दर सेमिस्टरला होतं.

थर्मो, म्हणजे उष्णता आणि काम यांचं शास्त्र, मात्र पहिल्याच तासाला अंगावर आलं. सरांनी व्याख्या-बिख्या न सांगता थेट सादी कार्नोपासून सुरुवात केली. 1824 साली, वयाच्या 28व्या वर्षी, या फ्रेंच इंजिनिअरने वाफेच्या इंजिनांवर एक छोटं पुस्तक काढलं. इंजिन कितीही चांगलं बनवलं तरी उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम मिळेल, हा त्याचा प्रश्न. उष्णता म्हणजे एक कधीच नष्ट न होणारं द्रव्य आहे असं तेव्हा मानत, आणि त्यानेही पुस्तकात तेच मानलं. ती समजूत पुढे मोडीत निघाली, पण त्याने काढलेला मुख्य निष्कर्ष टिकला: ही कमाल मर्यादा इंजिनात काय भरलंय यावर ठरत नाही, दोन तापमानांवरच ठरते. आजच्या सूत्राप्रमाणे गरम बाजू 500 केल्विन आणि थंड बाजू 300 केल्विन असेल, तर मर्यादा 40 टक्के. घर्षण शून्य करा, सोन्याचा पिस्टन लावा, 41 होणार नाहीत. कार्नो 1832 मध्ये कॉलऱ्याने गेला, 36 वर्षांचा असताना, आणि त्याच्या कामाची खरी दखल त्यानंतर घेतली गेली.

इथवर मी खूश होते. मग सरांनी फळ्यावर पार्शल डेरिव्हेटिव्ह लिहिलं, म्हणजे बाकीचं स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलली तर किती फरक पडतो ते दाखवणारं चिन्ह, कंसाबाहेर उजवीकडे खाली एक बारीकसा V काढला आणि म्हणाले, "हे तुम्ही केलेलंच आहे."

माना डोलल्या. माझीही डोलली, पण तो V कशाला आलाय हे काही केल्या आठवेना. शेजारणीने वहीच्या कोपऱ्यात प्रश्नचिन्ह काढून माझ्याकडे सरकवलं, तेव्हा जरा धीर आला.

संध्याकाळी मागच्या सेमिस्टरची गणिताची वही काढली. त्या वहीत तो V कुठेच नाही. असणारही नव्हता. गणितात फलन x आणि y चं असतं. x बदलायचा म्हणजे y स्थिर, हे सांगावंच लागत नाही, कारण तिसरा कुणी नसतोच. वायूचं तसं नाही. त्याची अंतर्गत ऊर्जा तापमान आणि आकारमानात मांडता येते, किंवा तापमान आणि दाबात. मग तापमान वाढवताना तुम्ही काय स्थिर ठेवलंत, डबा बंद होता की पिस्टन मोकळा होता, हे सांगितल्याशिवाय त्या चिन्हाला अर्थच नाही. तो V तेच सांगतो: आकारमान स्थिर. स्थिर दाबाची आणि स्थिर आकारमानाची उष्माधारकता, म्हणजे तापमान एक अंशाने वाढवायला लागणारी उष्णता, वेगळी निघते ती यामुळेच. आदर्श वायूच्या एका मोलसाठी तो फरक बरोबर R या वायू स्थिरांकाइतका, म्हणजे 8.314 जूल प्रति केल्विन. म्हणजे जे 'विसरले' म्हणून मी दिवसभर तोंड पाडून बसले होते, ते या रूपात मला कधी शिकवलेलंच नव्हतं.

रूममेटला हे पटलं नाही. ती रसायनशास्त्राची, आणि तिचं ठाम मत की सुट्टीने वाट लावली. सुट्टी जरा छोटी असती तर सगळं डोक्यात ताजं राहिलं असतं म्हणे. दर जानेवारीत सगळे हेच म्हणतात. मीही म्हणत असे.

मग आला मानसशास्त्राचा तास. हा विषय मी वेळापत्रकात नीट बसतो म्हणून घेतला होता, बदलायची मुदत संपायच्या आत बहुतेक सोडलाही असता. पण मॅडमनी पहिल्याच दिवशी हर्मान एबिंगहॉस काढला. 1885 साली स्मरणशक्तीवर स्वतःचे प्रयोग छापणारा हा जर्मन गृहस्थ. त्याने दोन व्यंजनांमध्ये एक स्वर घालून सुमारे 2300 अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या स्वतः पाठ केल्या आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजलं. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर केला तोही तोच.

मोजायची पद्धत मला फार आवडली. 'किती आठवतंय' हे तो विचारतच नाही. तीच यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी कष्ट पडले, हे बघतो. जेवढी बचत, तेवढं डोक्यात शिल्लक. त्यामुळे वरवर शून्य आठवत असलं तरी आत काहीतरी पडून आहे, हे कळतं.

आता आकडे बघा. वीस मिनिटांनी बचत 58 टक्के. एका तासाने 44. एका दिवसाने साधारण 34. सहा दिवसांनी 25. आणि 31 दिवसांनी 21.

मी हे वहीत उतरवलं आणि शेवटच्या दोन आकड्यांपाशी थांबले. सहा दिवस आणि एकतीस दिवस, यांत फरक फक्त चार टक्क्यांचा! जे जायचं ते बहुतेक पहिल्याच दिवसात जातं. परीक्षेचा पेपर देऊन आपण खोलीवर येतो, बॅग भरतो, एक झोप काढतो, तोवर मोठा घास गेलेला असतो. त्यानंतर सुट्टी आठवड्याची असो की महिन्याची, फारसं बिघडत नाही. अर्थात ही एका माणसाची अर्थहीन अक्षरं, आमचा अभ्यासक्रम नव्हे. तरी 2015 मध्ये हा प्रयोग नव्याने केला गेला, पुन्हा एकाच माणसावर, त्याने 70 तास याद्या घोकल्या, आणि विसरण्याचा आलेख बराचसा तसाच आला.

हे सगळं मी त्या रात्री रूममेटला ऐकवलं. तिने शांतपणे विचारलं, "मग मी सुट्टीत अभ्यास केला असता तर?" तर फरक पडला असता, नक्कीच. पण मग दोष सुट्टीच्या लांबीचा नाही, मधे एकदाही वही न उघडण्याचा. तिचा पुढचा बेत असा की शनिवार-रविवार एकदम बसून मागचं सगळं उरकायचं. यावरही एबिंगहॉसकडे उत्तर आहे. बारा अक्षरगटांची यादी त्याने एका दिवसात 68 वेळा घोकली. दुसऱ्या यादीची 38 आवर्तनं तीन दिवसांत विभागून केली. पुढच्या दिवशी दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा. तीस आवर्तनं वाचली राव, नुसती वाटून घेतल्यामुळे. रूममेट म्हणाली की तिला रोज रात्री माझं तोंड बघत रसायनशास्त्र करण्यापेक्षा एकदाच 68 वेळा घोकलेलं परवडेल.

एका गोष्टीत मात्र सुट्टीने खरोखर घोळ घातलाय. ती म्हणजे झोप. थर्मो सकाळी आठला असतं, आणि सुट्टीत आठ ही वेळ मला फक्त रात्रीची माहीत होती. माणसाच्या शरीराचं घड्याळ सरासरी 24 तासांपेक्षा 10-11 मिनिटांनी मोठं असतं, त्यामुळे ते पुढे ढकलणं सोपं आणि मागे खेचणं अवघड. त्यात वयाच्या विशीच्या आसपास माणूस आयुष्यातला सगळ्यात उशिरा झोपणारा प्राणी असतो. म्हणजे ज्यांना आठचं लेक्चर सगळ्यात जड जाणार, नेमकं त्यांच्याच वयाला ते ठेवलंय. वेळापत्रक करणाऱ्यांचं वय पन्नाशीचं असतं, त्यांना पहाटे आपोआप जाग येते. उपाय म्हणून सकाळचा उजेड डोळ्यांवर घ्यायचा असतो. मी खिडकीचा पडदा उघडा ठेवून झोपते. रूममेट उठून तो लावते. यावर अजून तह झालेला नाही.

मानसशास्त्र मी ठेवलंय. मुदत गेली, अर्ज बदलला नाही. मॅडमनी छोट्या प्रकल्पासाठी विषय मागितले, तर मी लिहून दिलं: सुट्टीनंतर गणिताचा जुना धडा पुन्हा शिकायला किती कमी वेळ लागतो ते दोघींवर मोजणार. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "धड्याला अर्थ असतो ना बाई, आणि पहिल्या वेळी किती वेळ लागला ते तू मोजलंस का? एबिंगहॉसने निरर्थक अक्षरं का घेतली, विचार कर." बरोबर आहे. अर्थ आला की आधीच्या ओळखी मधे येतात, आणि मग बचत स्मरणाची की समजुतीची हे वेगळं काढता येत नाही.

तेव्हा आता आम्ही निरर्थक अक्षरगटांची यादी करतोय, आणि हे वाटतं तितकं सोपं नाही. मराठीत दोन व्यंजनं आणि मधे एक स्वर घेतला की बहुतेक वेळा काहीतरी अर्थ निघतोच. खूर, माळ, तेल, पीठ, झोत, सगळे बाद. शेवटी झेख, ढौम, ठिघ, थूब, फैढ असा ऐवज जमला. रूममेटने यादी हातात घेतली आणि थूब खोडला. तिच्या आतेभावाला लहानपणी घरी थूब म्हणायचे, त्यामुळे तो तिला आधीपासूनच पाठ आहे. ढौमवरही तिचा आक्षेप आहे, पण त्याचं कारण ती सांगायला तयार नाही.